कोरडा बॉयलर

दि. ९ ऑगस्ट

चिरंजीव धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. ईश्वरकृपेने माझी प्रकृती वयाला शोभेल इतपत बरी आहे. तुझ्या गुडघ्याचा शेक चालू असेल; आळस करून तो सोडू नकोस.

लिहिण्यास कारण असे, की वडिलांच्या खेळण्यातल्या वाफेच्या बोटीचा घात झाला आहे. काल काचेचे कपाट पुसायला उघडले. किल्लीच्या दोन्ही बोटी, मेणबत्तीवर फटफटत जाणारी ती लहानगी, सर्व जागच्या जागी. वाफेची बोटही जागेवरच होती. पण उचलताच आत काहीतरी खडखडले. पितळी बॉयलरच्या जोडांचे कथील वितळून तळाशी थेंबाथेंबांनी गोठले आहे. धुराड्याचा लाल रंग सोलला आहे आणि डेकची फळी कडेने जळली आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करणे आम्हांला न्यायशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवीत. इथे धूरही उरलेला नाही, तरी अनुमान सरळ आहे. कोणीतरी बॉयलरमध्ये पाणी न भरताच खालचा स्पिरिटचा दिवा पेटवला. आणि नंतर ती जळकी बोट स्वच्छ पुसून, नाक भिंतीकडे करून परत ठेवली. आपल्या घरात बोटीचे नाक दाराकडे असते.

चूक मी समजू शकतो. ते पुसणे समजू शकत नाही.

माझा संशय खालच्या भाडेकरू घड्याळजीवर आहे. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देण्यासाठी घराची एक चावी त्याच्याजवळ असते, हे तू जाणतोस. त्या एंजिनावर त्याचा डोळा पहिल्यापासून आहे. काचेला नाक लावून दट्ट्याची तारीफ करीत उभा राहतो. शिवाय त्याच्या दुकानातली टकटक वर येते आणि हल्ली माझ्या सकाळच्या पाठात खंड पडतो. ज्या अध्यायात उभ्या जन्मात अडखळलो नाही, तिथे परवा मागे फिरावे लागले.

मी त्याला वर बोलावून स्पष्ट विचारले. खाली बघून म्हणाला, "काका, झालं ते झालं. मी नीट करून देतो."

निरपराध मनुष्य असे बोलतो काय? महिनाअखेर खोल्या रिकाम्या करण्यास मी त्याला सांगितले आहे. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले आहेत, याचे मला वाईट वाटते. परंतु चावी देऊन ठेवलेला विश्वास ही काही भाड्याने दिलेली खोली नव्हे.

तुझ्या घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझा
दादा


दि. २१ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. पुन्हा पुन्हा वाचले, आणि त्यातले एक अक्षरही मला पटले नाही.

तू लिहितोस, मागल्या खेपेस मी फिरायला गेलो असता बोट तूच पेटवलीस आणि पाणी भरायचे विसरलास. तरी घड्याळजीला बाहेर काढू नये. उत्तम. आता माझे ऐक.

तुझी सारी नोकरी गिरणीतले बॉयलर तपासण्यात गेली. लहानपणी काडी ओढण्याआधी बोट कानाशी धरून हलवायची आणि आतले पाणी ऐकायचे, हा वडिलांचा दंडक होता. तू अजून चहाची किटलीसुद्धा कानाशी नेतोस आणि घरातली मंडळी तोंडाला पदर लावून हसतात. असा मनुष्य कोरडा बॉयलर पेटवील? आणि वर नाक भिंतीकडे ठेवील?

हेही सोडून देतो. पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस, की भिजलेली फळी वाळताना वाकली असेल, ती दाबून ठेव. मी जाऊन पाहिले. फळी खरोखरच वाकली आहे. पण धाकट्या, फळी भिजली होती हे मी तुला कुठे लिहिले होते? मलाच ते ठाऊक नव्हते. मी फक्त जळल्याचे लिहिले. ज्याने ती भिजलेली पाहिली त्यानेच तुला सांगितले असणार, आणि तुझ्या गावी तर ती कोणी पाहिली नाही.

तेव्हा तू आणि तो माझ्यामागे बोलत असता. किती दिवसांपासून? कोणत्या विषयावर? दोघांनी संगनमत करून मला अंधारात ठेवावे, असे या घरात काय आहे? वडिलांच्या चीजवस्तूंवर तुमची नजर आहे, की माझ्या खोल्यांवर, हे लिहिणे बरे नव्हे, तरी लिहितो.

उद्या मी खाली जाऊन त्याच्याकडूनच खरे काढून घेईन. या पत्राला आशीर्वाद एकच, वरचा. शेवटी दुसरा जोडत नाही.

दादा


दि. २३ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

काल खाली गेलो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. तुझे पत्र त्याच्यापुढे ठेवले आणि फळीच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, हे माझ्या भावाला कोणी सांगितले. त्याने भिंग काढले, पुन्हा लावले. मी म्हणालो, मौन ही कबुली समजेन. तो पुढचे घड्याळ उघडू लागला.

तेव्हा आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "सांगून टाका ना एकदाचं. त्यांनीच घातलेल्या शपथेपायी आपण बाहेर पडायचं का?"

मग त्याने सांगितले. मी जसे ऐकले तसे लिहितो.

एका संध्याकाळी त्याला वरून जळका वास आला. चावीने दार उघडून आत आला. न्हाणीघरात टब काठोकाठ भरलेला होता, काठावर बोट, खाली दिवा भडकलेला, बॉयलर तापून रंग बदललेला. आणि समोर पाटावर मी बसलो होतो. पाठ म्हणत होतो. एकच ओळ, पुन्हा पुन्हा तीच. त्याने बोट उचलून पाण्यात दाबली. मी त्याच्यावर रागावलो म्हणे. "धाकटा यायचाय, त्याच्यासाठी वाफ धरून ठेवली होती," असे मी म्हणालो. तू त्याआधीच येऊन, राहून, परत गेला होतास.

थोड्या वेळाने मी भानावर आलो आणि त्याला शपथ घातली, की हे कोणाला कळता कामा नये. त्याने बोट पुसली, कपाटात ठेवली. नाक दाराकडे ठेवण्याचा आपला नियम बिचाऱ्याला काय माहीत? शपथ त्याने एकदाच मोडली: तुला फोन केला, कारण मी आगीशी एकटा असतो याची त्याला भीती वाटली. माझ्यापुढे मात्र ती पाळली. मी त्याला घर सोडायला सांगितले तेव्हासुद्धा.

यातले मला काहीही आठवत नाही. पाटही नाही, टबही नाही.

तो खोटे बोलतो आहे हे सिद्ध करण्याचा मी मनात फार प्रयत्न केला. आयुष्यभर पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष शिकवले, तेव्हा दुसऱ्याच्या म्हणण्यातला दोष मला लगेच दिसतो. इथे दिसला नाही. त्याला खोटेच बोलायचे असते, तर घर जाण्याआधी बोलला असता.

एक गोष्ट मी तुला पहिल्या पत्रात अर्धी लिहिली. टकटकीमुळे पाठात खंड पडतो, असे म्हटले. त्याचे दुकान बंद असते त्या दिवशीही खंड पडतो. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

खोल्या सोडायला सांगितले होते ते मी मागे घेतले. त्याच्या बायकोने मला तेवढ्यावर जाऊ दिले नाही. कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आणि उद्या हेही विसरलात तर?"

तिच्या त्या प्रश्नासाठीच तुला हे लिहितो. त्यांना हवे तितके दिवस त्या खोल्या त्यांच्या आहेत. पुढे कधी मी याच्या उलट लिहिले, तर अक्षर माझे असले तरी पत्र माझे मानू नकोस. स्पिरिटची बाटली आणि काड्यापेट्या खाली देऊन आलो आहे. मी परत मागायला गेलो तर देऊ नयेत, हेही त्यालाच सांगून ठेवले.

तू ये. मी ठीक आहे, उगाच धावपळ करू नकोस, असे मी कळवले तरी ये.

आणि दयेपोटी पुन्हा माझ्याशी खोटे बोलू नकोस. प्रत्यक्ष पाहिलेले माझ्यापाशी टिकत नाही. अनुमानाने मी एका सज्जनाला रस्त्यावर काढायला निघालो होतो. उरले ते शब्दप्रमाण, म्हणजे तुम्हा दोघांचा शब्द. तोही खोटा निघाला तर मी कशाला धरून राहू?

तुला, घड्याळजीला आणि येणाऱ्या बाळाला आशीर्वाद.

तुझा दादा,
ज्याची एकट्याची साक्ष यापुढे ग्राह्य धरू नये