खोलीत माणसे किती

४ नोव्हेंबर, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश! दिल्लीतल्या द्वारकेहून फरीदाबादला मेट्रोने दोन तास लागतात, पण काम अगदी माझ्या आवडीचं. चिमुकल्या केबिनमध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं मोठ्या दालनात गायल्यासारखं घुमवायचं. त्यासाठी खऱ्या दालनाच्या घुमण्याचा नमुना लागतो. म्हणून कंपनीने मागच्या बंद कारखान्याचा रिकामा हॉल घेतलाय. मधोमध उभं राहून फुगा फोडायचा आणि घुमणं किती टिकतं ते मोजायचं. आधी माइकवर तारीख आणि खोलीतल्या माणसांचा आकडा बोलायचा, कारण अंगं आणि कपडे आवाज शोषतात. गर्दी वाढली की घुमणं कमी होतं. आज बोलले, “खोलीत माणसे, एक.” सव्वाचार सेकंद. वा! पंधरा दिवसांत नमुना पक्का झाला तर मी कायम. नाहीतर परत धुळे, आणि तिथे काका स्थळं घेऊन बसलेच आहेत.

६ नोव्हेंबर, बुधवार
तीच जागा, तसाच फुगा, आणि साडेतीन सेकंद! माझा सहकारी सुधन्वा हॉलमध्ये पाऊल टाकत नाही. “अकेली जाऊ नकोस यार,” एवढं मात्र रोज ऐकवतो. माझ्याआधी हे काम हरिदास करायचा, तो न सांगताच निघून गेला म्हणे. हे सांगताना सुधन्वा नजर चुकवत होता. माझी जागा याच्याच कुणा मित्राला हवी असणार. माझ्या माघारी आत गाद्या-बिद्या ठेवून माझे आकडे बिघडवतोय.

११ नोव्हेंबर, सोमवार
अडीच. हॉलचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. फरशी आणि भिंती, बाकी काही नाही. नवं कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे. आता बघतेच बेट्याकडे.

१३ नोव्हेंबर, बुधवार
दीड. कुलूप जसंच्या तसं. दुसरी किल्ली करवून घेतली असणार त्याने.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
हरिदासच्या फायली ऐकल्या. त्याचेही आकडे सव्वाचारपासून उतरत गेलेत. शेवटच्या फायलीत तो “खोलीत माणसे” म्हणतो आणि थांबतो. मग हळूहळू मोजायला लागतो. बावीसपर्यंत. फुगा फुटतच नाही.

घाबरले, खरंच घाबरले. मग लक्षात आलं, खोटे आवाज बनवणं हाच तर सुधन्वाचा धंदा! ही फाईलही त्याचीच करामत.

१८ नोव्हेंबर, सोमवार, दुपार
आज शेवटचा नमुना. दाराला आतून कुलूप लावलंय, आता कोण येतो बघू. सुधन्वा बाहेरून दार बडवतोय, “बाहेर ये यार, प्लीज!” खुशाल ओरडू दे.

फुगा फोडला.

आवाज घुमलाच नाही. अजिबात—

सुधन्वाचं दार बडवणं दबत चाललंय. हाक मारली, आवाज ओठांपाशीच राहिला. समोर नुसती रिकामी फरशी दिसतेय, आणि खांद्याला कापड घासलं—

दार दहा पावलांवर. पण पुढे सरकायला जागाच—

सुधन्वाने काही केलेलं नाही. तो खरंच मला—

कोणीतरी मोजतंय. फाईलमधलाच आवाज. अगदी कानाशी. वीस. एकवीस. बावीस.

माझ्या डोक्यावर हात ठेवून—