लाल दोऱ्याचा ड्रम

मामाजी, तुमच्या गॅरेजमधले सगळे डबे मी आज खाली उतरवले. घराच्या पडवीला पत्रे ठोकून तुम्ही ते उभं केलं, तेव्हा मी या घरात नवी सून होते. आता तिथं तुमचा नातू गाड्या दुरुस्त करतो आणि वस्तू सापडली नाही की माझ्यावर ओरडतो, म्हणून चिठ्ठ्या लिहून चिकटवायला बसले. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, तुमचे दोरे होते. हिरवा म्हणजे तपासलेला पार्ट, पिवळा म्हणजे दुरुस्त करून लावायचा, आणि लाल म्हणजे ज्या गाडीत माणूस मेला तिचा. तो कितीही चांगला असो, दुसऱ्या गाडीला लावायचा नाही. भंगारातही द्यायचा नाही, कारण भंगारवाला तो कोणाला तरी विकेलच. मलाही तेव्हा वाचता येत नव्हतं. पार्ट गुंडाळून यायचे त्या जुन्या पेपरांवरून मी पुढे अक्षरं जोडत गेले.

तुमच्या लेकानं, माझ्या नवऱ्यानं, एकदा लाल दोऱ्याचा स्टिअरिंग रॉड सडक अर्जुनीच्या एका जीपवाल्याला लावून दिला. जीपवाला चहा पीत बसला आहे, कप न्यायला मी दारात उभी आहे, आणि तुम्ही येता. जमिनीवर पडलेला दोरा तुम्हाला दिसतो. "दुसऱ्याच्या लेकराले मारून राहिला का बे?" म्हणत तुम्ही जॅकचा दांडा, ती टॉमी, उचलता. पहिला लोखंडी फटका पाठीवर बसतो. दुसरा ते उजव्या हातावर झेलतात, आणि हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू येतो. जीपवाला कप टाकून धावला. "जाऊ द्या ना बुढाजी, मरून जाईल तो!" तुम्ही म्हणालात, "तू मरशील म्हणून त्याले मारून राहिलो. हो बाजूले, रॉड काढू दे." लेक ऑइलमध्ये पडून विव्हळत होता आणि तुम्ही जीपखाली शिरून नटं खोलत होता.

त्या हातानं त्यांना पुन्हा पाना आवळता आला नाही. म्हणून ते दुसऱ्यांच्या जीपवर ड्रायव्हर झाले, आणि ड्रायव्हर झाले म्हणून कोहमाऱ्याच्या पुढं ट्रकखाली गेले. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. पण तुमच्या ताटात भात वाढताना रोज मनात म्हणत होते.

ती चेंदलेली जीप तुम्ही मालकाकडून विकत घेऊन घरी ओढत आणली. एकेक पार्ट काढून ओळीनं मांडला आणि घण घेतला. गिअरबॉक्स, डायनामो, रेडिएटर, सगळं फोडलं. तळहात सोलून घणाचा दांडा लाल झाला. प्रत्येक घावाला तुम्ही लेकाला आईवरून शिवी देत होता, रडला मात्र नाहीत. एक ब्रेकचा ड्रम तेवढा ठेवला आणि त्याला लाल दोरा बांधला. का, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी तुमच्याजवळ जायची हिंमत कोणातच नव्हती.

आज लाल दोऱ्याच्या डब्यावर काय लिहावं ते सुचेना. चिठ्ठी कोरी धरून बसले होते, तेवढ्यात पोरानं तो ड्रम उचलला आणि दातानं दोरा तोडला.

"आई, एवढा चांगला ड्रम कायले सडवून राहिली? मोरगावचा गिऱ्हाईक उभा आहे बाहेर."

"तो तुझ्या बापाच्या गाडीचा आहे."

"मंग त माझाच झाला ना!" तो हसला. ड्रम टेबलावर ठेवून त्यावर हात टेकून उभा राहिला.

टॉमी भिंतीलाच टेकलेली होती, तुम्ही ठेवायचा तिथंच. ड्रमचे दोन तुकडे झाले. एक तुकडा उडून पत्र्यावर आदळला. पोरगा छातीशी हात धरून उभा होता. गिऱ्हाईक कधी निघून गेला कळलं नाही.

"आजोबासारखीच येडी झाली तू," तो म्हणाला.

दोन्ही तुकडे जुळवून मी पुन्हा लाल दोरा बांधला. चिठ्ठी कोरीच चिकटवली. जेवताना त्यानं हळूच विचारलं, "मले मारत होती का?" मी म्हटलं, "येडा झाला का? ड्रमच फोडायचा होता." त्याला पटलं. दोनदा भात मागून घेतला.

हा कागद त्याच डब्यात तुकड्यांखाली ठेवते. तिथं आता तो हात घालणार नाही. मामाजी, मी ड्रमवर मारलं नव्हतं. त्यानं हात काढून घेतला.