आमच्या घरची शाल

सोमवार, ७ जुलै
मी सांगतेय, नात लिहितेय. अक्षर मिस्नाचं, अक्कल माझी. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही. पण शेजारच्या राबियाची एल्फी तिशीला आली आणि राबिया ढिम्म. आपल्यात मागणी मुलीच्या घराने घालायची असते. पलीकडच्या गल्लीतला शाफ्रिल लग्नाचा आहे; उद्या त्याच्या आईकडे जाऊन नुसती चाचपणी करणार. राबियाला सांगायचं नाही. उगाच टेन्शन घेते.

मंगळवार
गेले. पानाचं तबक उघडं कसं न्यायचं? आमच्या घरची जुनी जरीची शाल वर घातली. शाफ्रिलच्या आईने पान खाल्लं, शाल ठेवून घेतली आणि त्यांच्या घरचा खंजीर माझ्या हाती दिला. अगत्याची बाई. एल्फीचं नाव काढायचं राहिलं, पण समजणाऱ्याला समजतं.

बुधवार, दुपार
मिस्ना म्हणते, "आजी, शाल देऊन खंजीर घेतलास म्हणजे लग्न ठरलं. शाल ज्या घरची, नवरी त्या घरची."
हे मीच तिला शिकवलंय. आमच्या घरात लग्नाची मुलगी एकच. ती हे लिहितेय. तिला पुढच्या महिन्यात पाडांगला नर्सिंगला जायचंय. पेन फार दाबून चाललंय.
खंजीर तांदळाच्या डब्यात लपवला. आता तांदूळ काढायची भीती.

बुधवार, संध्याकाळ
शालीची बातमी पोचली; दातुक उद्या येतोय. माझाच मुलगा, पण आता घराण्याचा मुख्य, म्हणून दातुक म्हणायचं. भाचीचं लग्न मामाने ठरवायचं, आणि त्याला न विचारता मी शब्द देऊन बसले. मोडला तर घराण्याची अब्रू जाते, पाळला तर पोर जाते. स्कूटर वाजली की मी दाराआड. आत्ताची मासेवाल्याची होती.
ठराव: यापुढे तोंड बंद. फक्त चूक राबियाची आहे, एवढं तिला शांतपणे सांगून येणार.

गुरुवार
दातुक आला. मी न्हाणीघरात.
बाहेर त्याने विचारलं, "आई कुठाय?"
"अंघोळ करतेय, मामा."
"अजून?" मग, "तुला हा मुलगा पसंत आहे का गं?"
मी नळ बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून.
"नाही, मामा. मला कुणी विचारलंच नव्हतं."
नळ पुन्हा सोडला.

शुक्रवार, ११ जुलै
आज मी, मिस्ना, लिहितेय. आजी भिंतीकडे तोंड करून पडलीय. मामा आणि मी खंजीर देऊन शाल परत आणली. शाफ्रिलच्या आईने अंगणभर माणसांसमोर सुनावलं. मामाने मान खाली घालून ऐकलं. शाफ्रिल आणि एल्फीताईचं कधीच जमलेलं होतं. राबियामावशी आज तबक घेऊन जाणारच होती. आता ईदनंतर बघू म्हणते. लग्नाला सगळ्यांनी यावं, आजीने फक्त जेवायला यावं, असा तिचा निरोप आहे.
हे आजीला न विचारता लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिने भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाली, "तुझ्या त्या नर्सिंगच्या शाळेत एकदा जाऊन बोलायला हवं."
शालीच्या पेटीची किल्ली मी पाडांगला नेणार आहे.