नववी खुर्ची

३ नोव्हें. ९७, सोम. गेवराई

आज तीनदा अडकलं. नऊही पडदे एकदम गोठले. केबिनमधली मोठी मशीन, तो सर्व्हर, बंद करून पुन्हा चालू केला की सगळ्यांचं अर्ध्या तासाचं काम गायब. मतदार याद्या टाइप करायचं कंत्राट आहे. तलवाड्याची तीच नावं पोरींनी तिसऱ्यांदा मारली.

वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला मी पितळी घंटा वाजवते आणि पोरी काम सेव्ह करतात. शाळेतली सवय. अडकल्याचं कळतं ते तेव्हाच.

औरंगाबादचा इंजिनिअर येऊन गेला. वायरीचं टोक बदललं, चहा घेतला, 'व्होल्टेज' म्हणाला. जाताना जिन्यात पिंक टाकली. ती मी पुसली. चौदा वर्षं शिकवून शेवटी हे.

५ नोव्हें., बुध.

मालक, म्हणजे भाऊसाहेब, म्हणाले, "मशीन उगं मरत न्हाई बाई. ह्या नऊ जनींत कोन तरी हाय. कोन असताना बंद पडती, वहीत लिहीत जा."

त्याआधी सर्व्हरपुढे नारळ फोडून झाला. पाणी की-बोर्डवर उडालं, तो कायमचा गेला. त्याचं खापर कुणावर नाही.

वही केली आहे.

१४ नोव्हें., शुक्र.

वही पाहिली. मंगळ-बुध शबानाला ताप होता, त्या दोन्ही दिवशी अडकलं नाही. शुक्रवारी ती दुपारी घरी जाते. गेल्या शुक्रवारी आणि आज, दुपारनंतर नाही. शबाना सगळ्यांत वेगवान. तिची बोटं बघत राहावीत अशी.

भाऊसाहेबांनी विचारलं, "मंग? तीच ना?"

"तसं दिसतंय खरं." एवढंच बोलले.

१५ नोव्हें., शनि.

काढलं तिला. सगळ्यांसमोर. "हिच्या हातात लाईट हाय. उद्यापासून येऊ नको." कुणीतरी फिसकन हसलं. शबाना माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून वहीत लिहीत होते. आता पाहिलं, पान कोरंच आहे.

तिचे अब्बा ट्रॅक्टरचे मिस्त्री. नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढायचा नाही, असं तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलेलं. डब्यातली खिचडी मला वाढताना सांगितलं होतं. मोठ्या ऐटीत.

२१ नोव्हें., शुक्र.

आठवडाभर एकदाही अडकलं नाही. भाऊसाहेबांनी पेढे वाटले. "बघा, म्हनलो न्हवतो?" मीही घेतला.

२४ नोव्हें., सोम.

नवी पोरगी आली, पाटोद्याची सुनंदा. दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत मारते. अकराच्या घंटेला सर्व्हर गेला.

मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, "आता हिच्याही हातात लाईट?"

"हिच्या न्हाई. त्या पोरीची खुर्ची हाय ना ती."

खुर्ची बदलली. साडेतीनला पुन्हा गेला. खुर्ची अजून जिन्यात पडली आहे, पिंकेच्या डागाशेजारी.

२५ नोव्हें., मंगळ.

आज भाऊसाहेब बीडला गेलेले. प्रत्येक घंटेला एकीला बाहेर उभं केलं. आधी सुनंदा, मग लता, मग मंगल. कुणीही बाहेर असो, आठ जणींनी सेव्ह केलं की सर्व्हर हळू चालतो पण तगतो. नऊ जणींना एकदम करायला लावलं, मेला.

मग घंटा बंद. ज्या पोरीचं पान संपेल तिनं तेव्हा सेव्ह करायचं. नऊही जणी, संध्याकाळपर्यंत. एकदाही नाही.

वही भरली त्या नऊ दिवसांत खाडा फक्त शबानानंच केला होता. मंगलनं केला असता तर वहीनं मंगलचं नाव घेतलं असतं. आणि एकदम सेव्ह करायची घंटा माझी.

एसटीडीवरून इंजिनिअरला फोन केला. "मॅडम, मेमरी कमी आहे त्यात. सगळ्यांचं एकदम आलं की बसणारच. पण घंटेवर सेव्ह करतात हे मला कुणी सांगितलंच नाही." त्यानं विचारलं नाही. मला सांगावंसं सुचलं नाही. मी आपली पोरींकडे बघत होते.

स्वतःच्या अक्षराची शिसारी आली. वळणदार, नीट, तांबड्या शाईतलं.

२६ नोव्हें., बुध.

भाऊसाहेबांना सगळं समजावलं. शांतपणे ऐकलं त्यांनी.

"आता चालतंय ना? मंग कावून उकरता बाई?"

"तिचं नाव खराब झालंय."

"मंग काय आपलं करून घ्यायचं? मी पेढे वाटलेत गावात."

२७ नोव्हें., गुरु.

शबानाच्या घरी गेले. अब्बा दारातच इंजिन खोलून बसलेले. हात पुसत म्हणाले, "मोहल्ल्यात बोलतेत बाई, पोरीनं मशीन खाऊन टाकली म्हनून. मी काय जवाब देऊ? रविवारी परळीचे पाहुने येनार हायेत."

मी सांगितलं, तिची चूक नव्हती. शबाना चहा घेऊन आली. कप माझ्या हातात न देता खाली ठेवला.

"बाई, वहीत तुमीच लिव्हलतं ना?"

"हो."

"मंग घरी येऊन कावून सांगता? माझी चूक न्हवती हे घरात मला ठाऊकच हाय. जिथून काढलं तिथं सांगा."

"गप गं," अब्बा म्हणाले. मग इंजिनाकडे बघत, "सही बोलती तसं ती. पन रविवार तर रविवार. जबान दिलीय मी."

चहा घेतला. गार झाला होता.

२८ नोव्हें., शुक्र. सकाळ

दहाला सगळ्या पोरी आल्या की सांगणार. भाऊसाहेबांसमोर. ते म्हणतील, मग तुमीबी निघा. म्हणोत.

काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा पहिलं वाक्य 'मशीन'पासून सुरू झालं. 'मी'पासून होत नाही.

शबानाला निरोप धाडला होता, दहाला तूही ये. "बघते," म्हणाली म्हणे. एवढंच.