दगडावर माझंही नाव घाल

स्टेन्स, गुरुवार

प्रिय सिरिल,

फोनच करणार होते, पण फोन जिन्याखाली आहे आणि ऑब्री कालपासून तिथेच पायरीवर ठाण मांडून बसलाय. म्हणून हे पत्र. आधी तुझे कान उपटते, मग कामाचं बोलते. अरे, सिनेमाच्या सेटवरच्या थडग्यावर माझ्या नवऱ्याचं नाव घालायची बुद्धी तुला सुचली कुठून? तुम्हा रंगवणाऱ्यांची खोड मला ठाऊक आहे. खोट्या स्मशानासाठी नावं कोण शोधत बसणार, म्हणून दिवेवाल्याचं, चहावालीचं, सुचेल त्याचं नाव दगडावर. सगळे हसतात. पण ऑब्रीचं पुरं नाव, खरं जन्मसाल, आणि मृत्यूपुढे हेच चालू साल! सोमवारी शूटिंगमध्ये त्याच दगडाशेजारी त्याला खड्डा खणायचाय, आणि तो म्हणतो, मी जाणार नाही.

तुला वाटेल, एवढ्याने घाबरणाऱ्यातला तो नाही. मलाही तसंच वाटायचं. वीस वर्षं हा माणूस भुताखेतांच्या सिनेमांत मरतोय. कधी गाडीवान, कधी दारूच्या गुत्त्याचा मालक, कधी गावचा हवालदार. पाहुण्याला बजावायचं, "साहेब, अंधार पडल्यावर टेकडीवर जाऊ नका," आणि लगेच आपणच मरायचं. मोठी नावं शेवटपर्यंत जगतात, याची मान पहिल्यांदा. चहाच्या वेळेला हा घरी, कॉलरवर रक्त तसंच. साखरेच्या पाकाचं ते रक्त घासून घासून माझी बोटं झिजली. खाटीक तर दर शनिवारी विचारतो, "काय पास्कसाहेब, या आठवड्यात कोणी खाल्लं तुम्हाला?" आणि हा ऐटीत सांगतो, "खाल्लं नाही हो, नुसतं चावलं. पैसे कमी पडले त्यांना."

काल मात्र दगडावरचं नाव बघून आला. आवडीचं जेवण पुढ्यात गार झालं. मी म्हटलं, "आता मी भरवू का?" तर म्हणाला, "विने, सिरिलला कसं कळलं गं?"

 मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "त्याला काय कळतंय डोंबल! स्वतःचा वाढदिवस लक्षात राहत नाही त्याच्या." तो माझ्याकडे बघत राहिला. जन्मभर चेहऱ्यावर पोट भरलेला माणूस, सिरिल. त्याला माझा चेहरा वाचता येणार नाही का? तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चहात दोनदा साखर घातली आज.

आता खरं सांगते. एप्रिलमध्ये त्याच्या पोटाचा एक्स-रे काढला, तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाले, "नाताळ बघतील असं वाटत नाही. त्यांना सांगू नका, खचतील." मी त्याला अल्सर म्हणून सांगितलं. तुलाही बोलले नाही, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. तू थट्टाच केलीस, तुझा दोष नाही रे. पण आता ते साल पुसू नकोस. पुसलंस की त्याची खात्रीच पटेल. त्यापेक्षा शनिवारी जा आणि त्याच्या नावाखाली माझं नाव रंगव. साल तेच. रविवारी जेवायला ये आणि त्याच्या देखत मला चिडव, की विने, तुलाही पुरून आलो. मी कशी ठणठणीत आहे ते तो रोज बघतोच. मग त्याला म्हणता येईल, मेला दगडच खोटारडा. सोमवारी कुदळ घेऊन तो हसत उभा राहिला पाहिजे, एवढंच मला हवंय. आणि दगडावर विनिफ्रेड नको घालूस. विनी घाल. तो मला तसंच म्हणतो.

तुझीच,
विनी