दारावरची पाल

सोमवार, १४ मे १९८४. मुलुंड.

आज पुन्हा तोच आवाज. दाराच्या वर, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून, कट्‌ करून. आई म्हणते पाल आहे. पाल चुकचुकली की ती पलंगाच्या लाकडावर बोटाने टकटक करते आणि "कृष्ण कृष्ण" म्हणते. त्या क्षणी जो बोलत असेल, त्याचं खरं. आणि बोलत असतो नेहमी दादाच.

आजही मी म्हटलं, "दादा, थोडे दिवस मावशीकडे जाऊ या ना." तो उखडला. "वेडी आहेस का? जुनं लाकूड आहे, उन्हाने वाजतं. खोली एकदा सोडली तर मालक परत आत घेईल?"

कट्‌! आईचं बोट पलंगावर. "कृष्ण कृष्ण. बघ, खरं बोलला."

पण पाल रोज त्याच कोपऱ्यात कशी? आणि दार? पावसात लाकूड फुगतं, तेव्हा अडकतं ते कळतं. मे महिन्यात का अडकावं? वरची भिंत खचून चौकटच दबत असेल तर? काल दादानेच रंधा मारला होता. आज ऑफिसातून आले तर खांद्याने ढकलावं लागलं. हे त्याला सांगितलं नाही. त्याच्यापुढे माझी जीभच उचलत नाही.

जेवताना कोणीच बोलत नव्हतं. तोच कोपरा, पण या वेळी आवाज लांबला, करकरत गेला. आईने सवयीने बोट उचललं आणि तसंच धरून वर बघत राहिली. आता खरं कुणाचं म्हणणार?

दादा ताटावरून उठला. जोर लावून दार उघडलं आणि ते मिटू नये म्हणून मध्ये पाटा ठेवला. 

हे लिहितेय तेव्हाही दार उघडंच आहे.