शनिवारी फाटकाशी

ता. ९, रविवार

भिंगरे,

आशीर्वाद. "मावशी, हजारांचं सांगता येतं, एकाचं नाही," हे काय उत्तर झालं? तुरुंगातून सुटलेली माणसं पुन्हा आत का जातात, याचा अभ्यास करायचाच तुला पगार मिळतो. आणि घरचा एक सुटतोय, तो टिकेल का विचारलं तर म्हणे सांगता येत नाही! अगं, स्वयंपाकीण असं म्हणते का, की हजारांचा स्वयंपाक होईल पण तुला एकटीला घास नाही?

फोनवरच भांडले असते. पण फोनवर तू गोड बोलतेस आणि मी विरघळते. म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस.

इकडे ठीक. आमच्या धुलाईघरात नवं यंत्र आलंय, चादरी धुतं कमी आणि फाडतं जास्त. तुझा छापून आलेला फोटो मुकादमबाईच्या नाकासमोर धरला. म्हटलं, "बहिणीची मुलगी, पण वाढवली मी." ती म्हणते, "तुमच्यावर गेली नाही, सुटली बिचारी." मी म्हटलं, "जिभेनं गेलीय. फोटोत दिसत नाही."

तुझ्या भावाची खोली रंगवली. नवी उशी आणली.

पण त्या उशीवर डोकं ठेवायला तो घरी येतोय कुठे, ते ऐक. शुक्रवारी भेटीला गेले, तर जाळीपलीकडून म्हणतो, "आई, शनिवारी फाटकाशी येऊ नकोस. मी परस्पर जाईन." कुठे, तर मान खाली. मी काय ते ओळखलं. ज्यांच्या नादानं आत गेला, तेच दोस्त गाडी घेऊन येणार. मी ओरडले, तो उठून आत गेला. माझं ओरडणं त्याला लहानपणापासून ऐकूच येत नाही. तुझं ऐकतो. परीक्षेच्या दिवशी झाडावर चढून बसला होता, तेव्हा तूच त्याला उतरवलंस, आवाजसुद्धा न चढवता.

आणि तूच सांगितलं होतंस ना, की सुटल्यावर पहिले दिवस वाईट, न्यायला कोण येतं त्यावर पुष्कळ असतं?

मग शनिवारी त्याला न्यायला तू ये. तिथे यायचं का टाळतेस ते कळतं मला. त्या फाटकावरचे पहारेकरी तुला मॅडम म्हणतात. भाऊ आत आहे, हे तू ऑफिसात सांगितलेलं नाहीस. सांगितलंस तर हे काम काढून घेतील. घेतीलही. रात्रंदिवस राबून मिळवलंयस, मी काही हलकं मागत नाही. पण चोरून येऊ नकोस. साहेबांना आधी सांग, मग ताठ मानेनं ये. गुन्हा त्यानं केला, शिक्षा त्यानं भोगली. तू कशाला लपायचं?

गुरुवारपर्यंत कळव. नाही तर नाही म्हण, मी एकटी जाईन आणि त्या गाडीपुढे आडवी पडेन. पडेन, हे तुला ठाऊक आहे. पण मोघम काही नको. गुरुवार म्हणजे गुरुवार.

रागावलेली नाही गं, घाबरलेली,
तुझी मावशी